कोच बदला!

वड्याचे तेल वांग्यावर काढण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. पंगतीत आमटी खारट झाली की आचारी वाईट, मुलगा गणितात गचकला की मास्तर वाईट, नाटक पडले की तालीम घेणारा वाईट. या यादीत गेल्या अर्धशतकात आणखी एका माणसाची भर पडली आहे. तो म्हणजे भारताच्या हॉकी संघाचा प्रशिक्षक, ज्याला आपण सगळे घरगुती भाषेत ‘कोच’ म्हणतो. एरवी आपल्या घरांत हॉकीचे स्थान फराळाच्या ताटातल्या कडबोळ्यासारखे आहे. कौतुक सगळे करतात, पण हात आधी चकलीकडे जातो. मात्र संघ हरला आणि कोच बदलला, की त्याच घरांत एकाएकी हॉकीचे जाणकार उगवतात. वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात आणि इराण्याच्या टेबलावर एकच घोष ऐकू येतो, “कोच बदला!” आणि तो बदलला, की आठवड्याभरात दुसरा घोष सुरू होतो, “पण याला का काढले?”

या दोन घोषांचा इतिहास मोठा बोधक आहे. तो नुसता खेळाचा इतिहास नाही. पराभव पचवायला आपण कसे शिकलो, किंवा शिकलो नाही, त्याचा तो इतिहास आहे.

आरंभीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. १९२८ साली ॲमस्टरडॅमला भारताने पहिले सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धेत कर्णधार जयपालसिंग अंतिम सामन्याआधीच संघ सोडून गेले होते. तरी आपण हॉलंडला तीन गोलांनी हरवले. कर्णधारावाचून ज्यांचे अडत नव्हते, त्यांचे कोचवाचून काय अडणार? ध्यानचंदांच्या हातात काठी होती आणि पायांखाली हिरवळ होती. संघाबरोबर व्यवस्थापक असे, पण त्याचा व्याप मुख्यतः प्रवास, पैसा आणि जेवणखाण यांचा. १९२८ पासून १९५६ पर्यंत ओळीने सहा सुवर्णपदके आली. विजयाच्या घरी कोणी गुरूची चौकशी करीत नाही. १९६० साली रोमला पाकिस्तानने आपल्याला एका गोलाने हरवले, तेव्हा प्रथमच लोकांना वाटले की आपणही हरू शकतो.

१९७५ च्या मार्चमध्ये क्वालालंपूरला भारताने विश्वचषक जिंकला. जसदेवसिंगांचे हिंदी समालोचन ऐकायला आमच्या गिरगावातल्या चाळीत एका रेडिओभोवती तीन बिऱ्हाडे जमली होती. मी तेव्हा शाळकरी होतो. पाकिस्तानवर दोन विरुद्ध एक असा विजय झाला, आणि अजितपालसिंग, अशोककुमार ही नावे पोरांच्या तोंडी बसली. परंतु त्या विजयामागे चंडीगडच्या शिबिरात घाम गाळून घेणारे बलबीरसिंग आणि गुरचरणसिंग बोधी हे दोघे होते, हे त्या रात्री आमच्या चाळीत कोणी बोलले नाही. जिंकलो की खेळाडू, हरलो की कोच, ही वाटणी आपण पुढे कायम केली. तिची सुरुवात कशी झाली, ते पाहण्यासारखे आहे.

पुढच्याच वर्षी, १९७६ साली, माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकी हिरवळीवरून उठून कृत्रिम गालिच्यावर गेली. आपण तिथे सातवे आलो. हिरवळीवर चेंडू उसळतो, अडतो, खेळाडूला मनगटाची कसब दाखवायला उसंत देतो. गालिच्यावर तो सरळ आणि सुसाट धावतो. तिथे मनगटापेक्षा फुप्फुसे आणि मांड्या मोठ्या ठरतात. पुढे खेळाडू कितीही वेळा बदलण्याची मुभा मिळाली, ऑफसाइडचा नियम गेला, पेनल्टी कॉर्नर हे स्वतंत्र शास्त्र झाले. कोणाला केव्हा आत पाठवायचे, कोणाला केव्हा बाहेर बोलवायचे, हे ठरवणारा माणूस आता कडेच्या बाकावर बसू लागला. म्हणजे कोचचे महत्त्व वाढले ते खरे कारणाने वाढले. पण गालिचा महाग होता, आणि आपल्या शहरांत तो यायला वर्षानुवर्षे लागली. गवतावर वाढलेली पोरे गालिच्यावर हरत राहिली आणि लोक बाकावरच्या माणसाकडे बोट दाखवत राहिले.

त्याआधी बोट दाखवायला गोलरक्षक होता. १९८२ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानने अंतिम सामन्यात आपल्यावर सात गोल चढवले, आपला एक. पंतप्रधान इंदिरा गांधी प्रेक्षकांत होत्या. त्या सात गोलांचे खापर मीररंजन नेगी या एका गोलरक्षकावर फुटले. सामना विकला, असा आरोप त्यांच्यावर झाला. सात गोल होतात तेव्हा गोलरक्षकाच्या पुढचे दहाजणही मैदानातच असतात, हे साधे गणित संतापात कोणाला सुचले नाही. आमचे नानाकाका तेवढे म्हणाले, “अरे, दार उघडे टाकणारे निराळे आणि शिव्या खाणारा पहारेकरी निराळा!” चाळीत त्यांचे कोणी ऐकले नाही. पुढे १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने बत्तीस वर्षांनी सुवर्णपदक जिंकले, तेव्हा गोलरक्षकांना तयार करणारे शिक्षक हेच नेगी होते. अंतिम सामन्यात आशिष बल्लाळने पेनल्टी स्ट्रोक अडवले, त्यात त्यांचाही वाटा होता.

बँकॉकची गोष्ट इथेच संपली असती तर दिवाळीला सांगायला किती गोड झाली असती! त्या संघाचे प्रशिक्षक महाराजकृष्ण कौशिक होते, स्वतः १९८० च्या मॉस्को सुवर्णपदकाचे मानकरी. कर्णधार होता आपल्या खडकीचा धनराज पिल्ले, ज्याने दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या काठ्यांनी खेळ गिरवला. सुवर्णपदक गळ्यात घालून ही मंडळी परतली, आणि थोड्याच दिवसांत धनराजसह अनेक ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर झाले. कौशिकांकडेही संघ राहिला नाही. पुण्यामुंबईत त्या वेळी जो तळतळाट ऐकू आला, तो मला चांगला आठवतो. हरल्यावर कोच काढणे लोकांना समजत होते, जिंकल्यावर काढणे हा प्रकार नवा होता. २००० साली सिडनीला वासुदेवन भास्करन यांच्या हाताखाली संघ गेला आणि शेवटच्या दोनेक मिनिटांत पोलंडने बरोबरी साधल्यामुळे उपांत्य फेरी हुकली. लगेच लोकांनी बँकॉकचा हिशेब काढला.

यानंतर बदलांचा जो सपाटा लागला, तो पाहून एखाद्या गावच्या तलाठ्यालाही आपली बदली सुसह्य वाटावी. २००२ साली क्वालालंपूरच्या विश्वचषकात मुंबईचे सेड्रिक डिसोझा यांना स्पर्धा चालू असतानाच काढले. मंगळाष्टके चालू असताना भटजी बदलावा, तसे हे झाले. संघ दहावा आला. मग राजिंदरसिंग आले. त्यांनी २००१ साली कनिष्ठ संघाला होबार्टला जगज्जेता केले होते. २००३ साली त्यांच्याच हाताखाली वरिष्ठ संघाने पहिल्यांदा आशिया चषक जिंकला. पण २००४ च्या जुलैत, अथेन्स ऑलिंपिकला काही आठवडे उरले असताना, त्यांच्या जागी जर्मनीचे गेऱ्हार्ड राख आले. खेळाडूंना नव्या गुरूची बोली कळेपर्यंत स्पर्धा संपली. आपण सातवे. धनराजचे ते चौथे आणि शेवटचे ऑलिंपिक.

इथून लोकांच्या वादाला नवे वळण लागले, देशी की विदेशी? एक पक्ष म्हणे, ज्या देशाने जगाला हॉकी शिकवली त्याने परक्याकडे शिकवणी लावावी, ही शरमेची गोष्ट. दुसरा पक्ष म्हणे, गालिच्याची विद्या त्यांची आहे, ती त्यांच्याकडूनच घ्यावी. गंमत अशी, की देशी कोच हरला की दुसऱ्या पक्षाची सरशी होई आणि विदेशी हरला की पहिल्याची. गालिचे किती आहेत, शिबिरांना पैसा केव्हा पोहोचतो, संघ निवडतो कोण, हे प्रश्न दोन्ही पक्षांच्या बाहेरच राहिले.

मार्च २००८ मध्ये चिलीच्या सँटियागो शहरी ग्रेट ब्रिटनने आपल्याला दोन गोलांनी हरवले आणि १९२८ नंतर प्रथमच भारत ऑलिंपिकच्या हॉकीबाहेर राहिला. कोच होते मुंबईचे जोकिम कार्व्हालो. त्यांनी राजीनामा दिला. या वेळी मात्र लोक तेवढ्याने गप्प बसले नाहीत. सँटियागोच्या धक्क्यानंतर बोट प्रथमच बाकावरच्या माणसाला ओलांडून कार्यालयातल्या खुर्चीपर्यंत गेले. पुढच्याच महिन्यात महासंघाच्या सचिवाला लाच घेतल्याच्या आरोपावरून जावे लागले आणि ऑलिंपिक संघटनेने महासंघालाच निलंबित केले. आणि २०१० च्या जानेवारीत तर आपल्या पुण्यातच, बालेवाडीच्या शिबिरात, खेळाडूंनी थकलेल्या पैशांसाठी सराव थांबवला. विश्वचषक दीड महिन्यावर आला होता. मदत करायला नाना दिशांनी हात पुढे आले. ज्या खेळाडूचे मानधन थकले आहे त्याला कोणता कोच काय शिकवणार, हा विचार निदान त्या दिवसांत घरोघर झाला. त्या वेळचे कोच स्पेनचे होझे ब्रासा. दिल्लीच्या विश्वचषकात पहिल्या दिवशी आपण पाकिस्तानला चार विरुद्ध एक हरवले, अखेर आठवे आलो, आणि त्याच वर्षी ब्रासाही गेले.

पण स्मृती फार टिकत नाही. २०१४ साली टेरी वॉल्श यांनी आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले आणि काही आठवड्यांत पद सोडले. त्यानंतर एप्रिल २०१९ पर्यंत पॉल व्हॅन ॲस, रोलंट ओल्टमन्स, श्योर्ड मरायने, हरेंद्रसिंग आणि ग्रॅहॅम रीड असे पाचजण खुर्चीवर बसले. त्यात २०१८ चा प्रसंग तर फार्साला विषय देणारा. राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुष चौथे आले, महिलाही चौथ्या आल्या. तेव्हा पुरुषांचे मरायने महिलांकडे पाठवले आणि महिलांचे हरेंद्रसिंग पुरुषांकडे आणले. पुरुष संघाला न चाललेले गुरू मुलींच्या माथी मारले, असे तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले.

आता २०२१ च्या टोकियोकडे या. पुरुष संघ ऑस्ट्रेलियाकडून हरला, आणि आकडा कोणता? सात विरुद्ध एक! १९८२ चाच आकडा. आणि मरायने यांच्या मुली तर पहिले तिन्ही सामने हरल्या. क्वालालंपूरचा न्याय लावायचा तर दोघाही कोचांची बोचकी त्याच रात्री बांधायला हवी होती. कोणी बांधली नाहीत. रीड यांच्या संघाने त्या पराभवानंतर अकराव्या दिवशी जर्मनीला पाच विरुद्ध चार हरवून कांस्यपदक जिंकले, एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिकचे पदक! मुलींनी ऑस्ट्रेलियाला हरवून उपांत्य फेरी गाठली आणि चौथा क्रमांक मिळवला, जो त्यांनी ऑलिंपिकमध्ये यापूर्वी फक्त १९८० साली मिळवला होता. पुरुषांकडून उचलून दिलेले मरायने घरोघरच्या मुलींचे लाडके सर झाले. तीन वर्षे त्यांना एका जागी बसू दिले, एवढेच आपण केले होते.

मात्र त्याच दिवसांत, मुली उपांत्य सामना हरल्यावर, हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर काही टोळभैरवांनी फटाके उडवले आणि जातीवरून शिवीगाळ केली, अशी तक्रार पोलिसांत झाली. जिने त्या स्पर्धेत एका सामन्यात तीन गोल केले होते, तिच्या दारात हे! नेगींच्या दिवसांपासून चाळीस वर्षे गेली, पण बळी शोधणारे डोळे अजून मिटलेले नाहीत.

कोच कधी बदलूच नये, असे मी म्हणत नाही. २०२३ च्या जानेवारीत मायदेशीच्या विश्वचषकात संघ लवकर बाद झाला तेव्हा रीड स्वतः होऊन गेले. क्रेग फुल्टन आले, आणि २०२४ साली पॅरिसला पुन्हा कांस्यपदक आले. पण तिथे स्पर्धा संपल्यावर बदल झाला, नव्या माणसाला पुढच्या ऑलिंपिकआधी वर्षभराहून अधिक अवधी मिळाला. बदल आणि बळी यांत फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे. आपण ‘कोच बदला’ म्हणून ओरडतो तेव्हा सर्वांत जास्त सुख होते ते कार्यालयात बसलेल्या माणसाला. कारण कोच बदलणे हे त्याचे सर्वांत स्वस्त काम असते. गालिचा अंथरायला पैसा लागतो, वेळेवर मानधन द्यायला नियत लागते, आणि माणूस काढायला एक पत्र पुरते.

चर्चगेटजवळच्या हॉकीच्या मैदानावर साध्या सामन्याच्या दिवशी मी कधीमधी जाऊन बसतो. १८९६ पासून आगाखान चषक खेळणाऱ्या या शहरात पायऱ्या बहुतेक रिकाम्या असतात. कडेच्या बाकावर कुठल्याशा लहानशा संघाचा कोच घसा फोडून पोरांना सांगत असतो, “मागे या, मागे या!” त्याचे नाव कोणालाही ठाऊक नसते. ही पोरे उद्या देशासाठी खेळली आणि हरली, तर त्यांच्या कोचविषयी बोलायला लाखो लोक पुढे येतील. या सुट्टीत मुलांना घेऊन एखादा सामना पाहायला जा. तिकिटाचे पैसे वाचवायची गरज नाही, आणि जागा तर हवी तेवढी आहे.