वर्तुळांनी मोजलेले रान

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात रविवारी सकाळी तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो, की मला 1947 मधले एक पत्र आठवते. अर्थशास्त्र मी कॉलेजात शिकलेलो नाही. या पत्रामुळेच त्याची गोडी लागली.

पत्र हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचे. पूरनियंत्रणाच्या कामांचे लाभ खर्चाहून अधिक हवेत, असे तिथल्या 1936 च्या कायद्याने ठरवले होते. वीज आणि सिंचन यांचा आकडा मांडता येई. रानात भटकण्याच्या सुखाचा येत नसे. हिशेबात नसलेली गोष्ट शून्य धरली जाते. म्हणून तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेने अर्थशास्त्रज्ञांना विचारले, उद्यानांचे मोल कसे काढावे?

हॉटेलिंगने सुचवले, की प्रवासखर्च सारखा पडेल असे वर्तुळाकार पट्टे उद्यानाभोवती आखा आणि कोणत्या पट्ट्यातून किती माणसे येतात ते पाहा. समजा, लांबचा माणूस 100 रुपये मोडून येतो आणि तेच सुख जवळच्याला 20 रुपयांत मिळते. मग उरलेले 80 हा जवळच्याचा लाभ. अशा लाभांची बेरीज म्हणजे उद्यानाचे मोल.

पत्र 1949 च्या अहवालात छापले गेले. पद्धत मात्र बाजूला पडली. 1959 मध्ये मॅरियन क्लॉसन यांनी योसेमिटीसारख्या उद्यानांच्या आकडेवारीवर ती चालवून दाखवली.

दुसरी वाट थेट विचारण्याची. रॉबर्ट डेव्हिस यांनी हार्वर्डमधल्या 1963 च्या प्रबंधासाठी मेन राज्यातल्या जंगलात येणाऱ्यांनाच ‘किती द्याल?’ असे विचारले. 1989 मध्ये ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ जहाजाचे तेल अलास्काच्या किनाऱ्यावर सांडले, तेव्हा तो किनारा कधीही न पाहिलेल्यांनाही हाच प्रश्न विचारला गेला. केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या समितीने 1993 मध्ये कडक अटी घालून ही पद्धत ग्राह्य मानली. ‘काय घ्याल?’ऐवजी ‘किती द्याल?’ हेच विचारावे, म्हणजे आकडा फुगणार नाही, असेही तिने सुचवले.

बोरिवलीच्या उद्यानासाठी मुंबईकरांनाही हा प्रश्न विचारला गेला. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर आले, कुटुंबामागे दरमहा सरासरी 7.5 रुपये.

याच उद्यानाच्या पोटात वारल्यांचे पाडे आहेत. तिथली बाई रानातच उठते, रानातच निजते. तिला प्रवासखर्च नाही, तिकीट नाही. हॉटेलिंगच्या वर्तुळांत ती येतच नाही. तिला ‘किती द्याल?’ विचारले, तर उत्तर तिच्या गाठीच्या पैशांवर ठरेल. ‘हे रान सोडायला काय घ्याल?’ असे विचारले, तर कदाचित ती आकडा सांगणारच नाही.

आकडा हवाच, कारण शून्य धरले की रान जाते. पण प्रश्न कोणाला विचारला आणि कसा विचारला, हेही त्या आकड्याशेजारी लिहिले पाहिजे.