बाबा दुपारी घरी असतात

जानेवारी १९८२. लालबागच्या चाळीत तुम्ही नऊ वर्षांचे आहात. सातची पाळी केव्हाच सुरू व्हायला हवी होती, तरी बाबा अजून अंथरुणात आहेत. मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेलेत. ‘डॉक्टर बघून घेतील,’ गॅलरीतून शेजारचे काका सांगतात. डॉक्टर म्हणजे संपाचे नेते दत्ता सामंत. सुरुवातीचे दिवस सणासुदीचे वाटतात. बाबा चक्क तुमच्याशी कॅरम खेळतात.

आता पावसाळ्यात या. वाण्याकडे आई स्वतः जात नाही, तुम्हाला धाडते. पोराला तो हाकलणार नाही, हा तिचा हिशेब. हाकलत नाहीच, फक्त बाकी सगळ्यांचं सामान आधी बांधतो. तुम्ही उभे. धाकट्याला कणकवलीच्या एसटीत बसवून आजीकडे पाठवलंय. शाळेच्या सहलीचा विषय तुम्ही घरी काढतच नाही. हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. (ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावची कापडगिरणी बंद पडली, तेव्हा संशोधक मारी याहोडा आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मुलांकडून नाताळच्या मागण्या लिहून घेतल्या होत्या. आसपासच्या गावांतल्या मुलांच्या मागण्यांपेक्षा त्या कितीतरी स्वस्त निघाल्या.)

वर्ष उलटतं. संप अधिकृतपणे मागे घेतलाच जात नाही, त्यामुळे नोकरी गेली असं बाबांना धड कुणी सांगत नाही. ते बेकार नाहीत, संपावर आहेत. घरात नोकरीचं नाव काढायची सोय नाही. मला विचाराल, तर उपासमारीपेक्षा हे वाईट.

आज तुम्ही पन्नाशी ओलांडलीय. नोकरी पक्की, पगार वेळेवर. तरी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की हात गार पडतात. दीडपट पगाराची नोकरी चालून आली होती, ती तुम्ही नाकारलीत. बायको अजून टोमणे मारते. कॅनडातल्या एका अभ्यासात, कंपनी बंद पडून ज्यांच्या वडिलांची नोकरी गेली, त्या मुलग्यांची मोठेपणीची कमाई इतरांपेक्षा सुमारे ९ टक्के कमी आढळली. गार हात त्या टक्केवारीत मावत नाहीत.

गिरणी कामगारांना घरं देण्याच्या सरकारी योजनेत वारस म्हणून तुम्हालाही अर्ज करता आला. बाबा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर होते, याचा पुरावा लागला. संपाच्या काळात घरात मुलं किती होती, हे त्या अर्जात कुणी विचारलं नाही.