परदेशी विद्यार्थ्यांसाठी वऱ्हाड : अभ्यासकेंद्राची पारख

एखाद्या परदेशी विद्यापीठास आपले विद्यार्थी एका सत्रासाठी अमरावती-अकोल्यास पाठवावयाचे असतील, तर स्थळाची पारख कशी व्हावी?

अभ्यासविषयांची येथे वाण नाही. अकोल्यात १९६९ मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. भोवती कापसाची कोरडवाहू शेती आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली होती. उत्तरेस मेळघाट व्याघ्रप्रकल्प आणि कोरकू वस्ती आहे.

मात्र विषय समृद्ध म्हणून स्थळ योग्य ठरत नाही. केवळ हिवाळ्यातील पाहणीने भागत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पावसाळ्यात मेळघाटातील नाले भरून गावांचा संपर्क तुटतो. धारणी तर अमरावतीपासून घाटमार्गाने शंभर किलोमीटरहून दूर आहे. अशा दिवसांत वसतिगृहात पाणी किती, रुग्णवाहिका किती वेळात पोहोचते, दूरध्वनी कोठवर लागतो, हे प्रत्यक्ष तपासावे.

१८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. ती जबाबदारी यजमान संस्थेत कोणाची, हे आधीच लेखी ठरवावे.

कुपोषणाच्या प्रश्नामुळे मेळघाटास अभ्यासपथके नवी नाहीत. म्हणूनच गावाची संमती, कोरकू जाणणारा दुभाषी आणि निष्कर्ष गावकऱ्यांना सांगण्याची हमी आवश्यक आहे. ती नसेल, तर स्थळ नाकारणेच श्रेयस्कर.