मार्टिंकाचे गिऱ्हाईक

न्यूयॉर्कमधल्या मार्टिंका आणि कंपनी या जादूच्या साहित्याच्या दुकानाची ओळख पुष्कळदा ‘हुडिनीचे दुकान’ अशी करून दिली जाते. तारखा एकापुढे एक मांडल्या की ही ओळख तोकडी पडते. हॅरी हुडिनीने दुकान घेतले १९१९ मध्ये. तोवर ते चाळिशी ओलांडून गेले होते, आणि त्याच्या हाती ते फार काळ राहिलेही नाही. मग इतकी वर्षे ते चालले कोणाच्या जोरावर, हा प्रश्न उरतो.

फ्रान्सिस आणि अँटोनिओ मार्टिंका या भावांचा धंदा १८७७ चा. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनमध्ये ‘प्रोफेसर हॉफमन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या अँजेलो लुईस या बॅरिस्टरचे ‘मॉडर्न मॅजिक’ हे पुस्तक निघाले होते. गुरूच्या पायाशी न बसता, घरच्या घरी हातचलाखी शिकू पाहणाऱ्याची सोय त्या पुस्तकाने केली. असा वाचक पुस्तकावर थांबत नाही. त्याला चोरकप्प्याची पेटी हवी असते, नाणी हवी असतात, खास बनवलेले पत्ते हवे असतात. पुस्तकामुळे दुकान निघाले, असे यावरून म्हणता येणार नाही. मात्र रंगमंचावर पोट नसलेला, हौसेपोटी पैसे मोजणारा ग्राहक याच सुमारास वाढू लागला होता, एवढे म्हणायला हरकत नाही.

या ग्राहकाला दुकान भेटे ते बहुधा छापील सूचिपत्रातून. जादूच्या साहित्याची सूचिपत्रे वाचताना एक पथ्य पाळावे लागते. त्यांत प्रयोग प्रेक्षकाला कसा दिसतो ते रंगवून सांगितलेले असते. तो कसा होतो ते मात्र पैसे भरल्यावर कळते. एकदा कळलेले गुपित परत करता येत नाही, म्हणून हा व्यवहार मुळातच विश्वासावर चालणारा. खुद्द हुडिनीने १८९८ मध्ये, नाव होण्याआधीच्या ओढगस्तीत, आपले प्रयोग विकायला काढणारे ‘मॅजिक मेड ईझी’ हे सूचिपत्र छापले होते. तेव्हा विक्रेत्याची भाषा त्यालाही पाठ होती. अशी जाहिरात माल चांगला असल्याचा पुरावा ठरत नाही. ग्राहकाचा अनुभव शोधायचा तर तो दुकानाशी कसा बांधला गेला ते पाहावे. अलेक्झांडर हर्मन आणि हॅरी केलर हे त्या काळचे अमेरिकेतले आघाडीचे जादूगार मार्टिंकाकडून साहित्य घेत, ही पहिली खूण.

दुसरी खूण अधिक ठोस आहे. १० मे १९०२ रोजी दुकानाच्या मागच्या खोलीत २४ जण जमले आणि ‘सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स’ स्थापन झाली. पुढाकार घेणारे सरम एलिसन हे डॉक्टर. पहिले अध्यक्ष गोल्डन मॉर्टिमर हेही डॉक्टर. तरुणपणी त्यांनी जादूचे प्रयोग केले होते, आणि संस्थेच्या स्थापनेआधी वर्षभर त्यांचा कोकाच्या वनस्पतीवरचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. एलिसन यांनी जमवलेली जादूची पुस्तके पुढे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत गेली. व्यावसायिक आणि हौशी एकाच खोलीत बसत होते, ही गोष्ट या दोन नावांवरून उघड होते.

जादूची गुपिते चव्हाट्यावर आणणाऱ्यांना विरोध करणे हा या संस्थेचा एक मुख्य हेतू होता. पुढच्या दालनात गुपिते विकायची आणि मागच्या खोलीत ती राखण्याची शपथ घ्यायची, हे वरकरणी विसंगत दिसते. परंतु विकत घेतलेले गुपित सगळ्यांना कळले तर पैसे बुडतात ते घेणाऱ्याचेच. त्यामुळे दुकानदार आणि ग्राहक यांचे हित इथे एकच होते, असा माझा निष्कर्ष आहे.

मालकीची साखळी याच निष्कर्षाला बळ देते. १९१७ मध्ये दुकान घेतले चार्ल्स कार्टर या जगभर दौरे करणाऱ्या जादूगाराने. त्याच वर्षी हुडिनी सोसायटीचा अध्यक्ष झाला आणि १९२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिला. दुकान त्याने घेतले ते या अध्यक्षपदाच्या काळात. त्याच्यानंतर ते फ्रँक ड्यूक्रोकडे आणि १९३० च्या दशकाअखेर अल फ्लॉसोकडे गेले. वाटेत हॉर्नमन या दुसऱ्या जुन्या दुकानाचे नावही त्याला जोडले गेले. कोनी आयलंडच्या जत्रेतून वर आलेला फ्लॉसो हवेतून नाणी काढण्याच्या प्रयोगासाठी नावाजलेला होता. १९७६ मध्ये तो वारला, तेव्हा गल्ला त्याच्या मुलाने सांभाळला.

यांपैकी कार्टरचा शेवट आपल्याकडे झाला. जगाच्या दौऱ्यावर असताना फेब्रुवारी १९३६ मध्ये तो मुंबईत वारला. दुकान त्याच्या हातून जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता.

कार्टर, हुडिनी, ड्यूक्रो, फ्लॉसो हे चौघेही प्रयोग करणारे जादूगार, म्हणजे गल्ल्याच्या अलीकडच्या बाजूचे लोक. मार्टिंका बंधूंनंतर दुकान पुन्हा पुन्हा अशांच्याच हाती गेले. त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाचे नाव त्याला चिकटले, हे समजण्याजोगे आहे. पण इतिहास लिहिताना ते ‘हुडिनीचे’ न म्हणता गिऱ्हाइकांनी चालवलेले दुकान म्हणावे, हेच कागदांना धरून होईल.