सर्पदंशावर नवे औषध येणार का? घोड्याच्या रक्तापासून एआयपर्यंतचा प्रवास

पाऊस सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यात भातलावणी, भांगलण आणि वैरण काढण्याची धांदल उडते. याच दिवसांत सर्पदंशाच्या घटनाही वाढतात. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे.

सध्याचे औषध कसे बनते?

आपण ज्याला ‘सापाची लस’ म्हणतो, ते खरे तर प्रतिविष असते. घोड्याला सापाचे विष थोडे थोडे टोचतात. त्याच्या रक्तात विषाशी लढणाऱ्या अँटिबॉडी तयार होतात. त्या वेगळ्या करून औषध बनवतात. ही पद्धत १८९० च्या दशकातली आहे. भारतातले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालते.

मग अडचण काय?

घोड्याच्या प्रथिनांमुळे काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी होते. औषधासाठी लागणारे विष बहुतांश तमिळनाडूतून येते, पण एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते. त्यामुळे औषधाचा परिणाम सगळीकडे सारखा होत नाही. शिवाय सह्याद्रीच्या जंगलातल्या चापड्यावर हे औषध बनलेलेच नाही.

नवे संशोधन काय सांगते?

१. मानवी अँटिबॉडी : २०२४ मध्ये अमेरिकेतील स्क्रिप्स रिसर्च, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत तयार केलेली एक अँटिबॉडी जाहीर केली. नागवर्गातल्या अनेक सापांच्या विषात मज्जातंतूंवर हल्ला करणारे एक विषद्रव्य असते. ही अँटिबॉडी त्यालाच जखडते. घोड्याची गरज नाही.

२. एआयने रचलेली प्रथिने : २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे डेव्हिड बेकर यांच्या गटाने संगणकावर छोटी प्रथिने रचली. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनी विष दिलेल्या उंदरांना वाचवले.

३. तोंडाने घ्यायचे औषध : घोणशीच्या विषातले एक महत्त्वाचे विकर रोखणारे ‘व्हॅरेस्प्लॅडिब’ भारत आणि अमेरिकेत रुग्णांवर तपासले गेले. प्रतिविषासोबत दिल्यावर सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता त्याचा ठोस फायदा सिद्ध झाला नाही. लवकर दिल्यास उपयोग होईल, अशी आशा मात्र आहे.

पहिले दोन शोध अजून उंदरांच्या पातळीवर आहेत आणि ते घोणस-फुरशाच्या रक्तावर परिणाम करणाऱ्या विषावर चालत नाहीत. म्हणजे ‘एकच इंजेक्शन, सगळे साप’ हे अजून स्वप्नच आहे.

तोपर्यंत काय करायचे?

- रुग्णाला धीर द्या, चालायला लावू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका.
- अंगठी, जोडवी, कडे काढून ठेवा. सूज आल्यावर ती निघत नाहीत.
- जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळून बांधू नका.
- साप पकडण्यात किंवा मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने प्रतिविष असलेले रुग्णालय गाठा.
- मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते. दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तर थांबू नका.

प्रयोगशाळेतले औषध यायला वर्षे लागतील. आज जीव वाचतो तो वेळेत मिळालेल्या जुन्याच प्रतिविषाने.