दूध-गुळाच्या शेवया: खान्देशातली ही साधी वाटी एवढी का आठवते?

शेवया उकडायच्या, पाणी निथळायचं, वर गूळ किंवा साखर, चमचाभर तूप आणि दूध. खान्देशातल्या घरगुती शेवयांची कृती एवढीच. वेलदोडे नाहीत, काजू-बदाम नाहीत. तरीही पुणे, मुंबई किंवा सुरतेत स्थायिक झालेल्या अनेक खान्देशी माणसांना ही वाटी आठवते, आणि तिच्यासोबत एक माणूसही आठवतं. आजी, आई, मावशी किंवा बहीण.

असं का होतं? याचं उत्तर बरंचसं शेवया बनवण्याच्या पद्धतीत आहे.

शेवया होतात कशा?

पिंप्राळा आता जळगाव शहराचाच भाग आहे. आषाढी एकादशीच्या रथोत्सवासाठी ते ओळखलं जातं. पण त्याआधीचे उन्हाळ्याचे दिवस इथे आणि जळगाव-धुळ्याच्या गावागावांत वाळवणाचे असतात. पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पापड, कुरडया, शेवयांची लगबग सुरू होते.

शेवयांसाठी गहू ओलवून दळतात आणि चाळून रवा व सपीठ वेगळं करतात. मीठ घातलेल्या पाण्यात पीठ घट्ट भिजवून काही वेळ मुरू देतात, मग तिंबून मऊ करतात. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं असतात. पाणी आणि तिंबणं मिळालं की त्यांचं ग्लुटेनचं जाळं तयार होतं. त्यामुळे पीठ न तुटता ताणलं जातं. पीठ मुरायला ठेवलं की हे जाळं सैलावतं आणि तार आणखी लांब निघते.

वाळवण्यातही कसब आहे. ओल्या शेवया एकदम कडक उन्हात टाकल्या तर वरचा भाग आधी आकसतो आणि तार तडकते. म्हणून त्या आधी सावलीत सुकवतात, मग ऊन दाखवतात. नीट वाळलेल्या शेवया कोरड्या डब्यात वर्षभर टिकतात.

हे काम एकटीने का होत नाही?

जुन्या पद्धतीत पाटाचं एक टोक उंच ठेवून त्यावर बसायचं आणि पिठाची तार हाताने वळत खाली सोडायची. समोरचीने ती अलगद झेलून वाळत घालायची. पुढे हाताने फिरवायचं मशीन आलं. ते खाटेला किंवा बाकड्याला आवळायचं. एकीने पिठाचा गोळा वरून दाबायचा, दुसरीने दांडा फिरवायचा, आणि खाली लोंबणाऱ्या शेवया पोरांनी हातावर किंवा काठीवर घेऊन दोरीपर्यंत न्यायच्या.

म्हणून शेजारणी एकमेकींकडे पाळीपाळीने जातात. आज हिच्या शेवया, उद्या तिच्या. मजुरी नाही, फक्त फेड.

आखाजीशी काय संबंध?

अक्षय्य तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात. या सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनीही आखाजीवर कविता रचली आहे. वाळवणाचे दिवस आणि लेकीचं माहेरपण असे एकाच हंगामात येतात. मायलेकींना निवांत बोलायला मिळायचं, ते अनेकदा असं काम करता करताच.

मेंदू काय करतो?

वासाचे संदेश थॅलॅमसला वळसा घालून मेंदूच्या भावना आणि आठवणींशी जोडलेल्या भागांकडे जातात. त्यामुळे तूप-दुधाच्या वासाने जुना प्रसंग चटकन जागा होतो.

अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातल्या जॉर्डन ट्रॉइसी आणि शिरा गॅब्रिएल यांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. चिकन सूप ज्यांना मायेचं खाणं वाटतं, त्यांच्या मनात ते प्यायल्यावर नात्यांशी जोडलेले विचार अधिक सहज आले. म्हणजे अशा पदार्थाची ओढ ही बऱ्याचदा माणसाची ओढ असते.

मग विकतच्या शेवया वेगळ्या का लागतात?

एक कारण पिठाचं आहे. बाजारातल्या बारीक शेवया अनेकदा मैद्याच्या किंवा आधीच भाजलेल्या असतात आणि खिरीसाठी बनवलेल्या असतात. घरच्या शेवया गव्हाच्या, जरा जाड, उकडल्यावरही चावायला लागणाऱ्या. आता अनेक ठिकाणी बचत गट घरगुती पद्धतीच्या शेवया विकतात, त्यामुळे ही अडचण बरीच सुटते.

दुसरं कारण विकत मिळत नाही. रव्यात सपीठ किती, मीठ किती, पीठ कधी झालं, हे आजीच्या हाताला माहीत असतं. बहुतेक घरांत ते कुठेच लिहिलेलं नसतं. ती गेली की प्रमाणही जातं.

आता काय करता येईल?

घरात शेवया करणारं कुणी असेल, तर यंदाच्या उन्हाळ्यात किलोभराच्याच करायला सांगा आणि दांडा तुम्ही फिरवा. तिच्या मुठीतलं पीठ आणि मीठ टाकण्याआधी वजनकाट्यावर ठेवा. तिंबलेला गोळा स्वतः दाबून बघा, कारण तो मऊपणा व्हिडिओत कळत नाही.

आणि वाढताना एक लक्षात ठेवा: गूळ घालणार असाल तर दूध कोमट हवं. उकळत्या दुधात गूळ पडला तर ते फाटू शकतं.