करप्याची वर्दी

१८४५ च्या उत्तरार्धात आयर्लंडमधील बटाट्याची हिरवीगार शेते करपा रोगाने अवघ्या काही दिवसांत काळवंडून कुजली आणि पुढील वर्षांत उपासमारीने व तिच्यामागून आलेल्या तापाच्या साथींनी त्या देशातील सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा विद्वानांचा वाद चालला होता तो पानांवरील पांढुरकी बुरशी हे रोगाचे कारण की परिणाम, याविषयी. इंग्लंडातील बर्कली या धर्मोपदेशकाने दोष बुरशीच्या माथी ठेवला आणि आंतोन द बारी या जर्मन पंडिताने १८६१ साली तो प्रयोगांती सिद्ध केला. परंतु खुद्द बटाटा या आक्रमणाला काही प्रत्युत्तर देतो की काय, हे विचारण्याचे फारसे कोणाच्या मनात आले नाही.

त्या प्रश्नाला खरी वाचा फुटली ती १९४० साली. बर्लिनमधील डालेम येथील सरकारी संशोधनसंस्थेत कार्ल ओटो म्यूलर हे सोलॅनम डेमिसम या मेक्सिकोतील रानटी बटाट्याशी संकर करून करप्याला दाद न देणारी वाणे सिद्ध करीत असत. त्यांनी व त्यांचे सहकारी ब्यॉर्गर यांनी बटाट्याच्या ताज्या कापावर, त्या वाणाला बाधू न शकणाऱ्या करप्याचे बीजाणू प्रथम सोडले आणि काही अवकाशाने त्याच कापावर जहाल जातीचे बीजाणू सोडले. तेव्हा एरवी सबंध फोड ग्रासणारा तो जहाल करपा आधीचा संसर्ग झालेल्या भागात मुळीच वाढला नाही, शेजारच्या अस्पर्शित भागात मात्र बिनदिक्कत फैलावला. आक्रांत पेशी स्वतःच प्रतिकारक द्रव्य निर्माण करतात, असे अनुमान काढून त्यांनी त्या द्रव्याला ‘फायटोअ‍ॅलेक्झिन’ हे नाव दिले. आणि त्याहून मोलाची गोष्ट अशी सांगितली की, बळी पडणारे व टिकून राहणारे वाण यांची प्रतिक्रिया मूलतः एकच असून भेद असतो तो केवळ तिच्या त्वरेचा.

१९६८ साली जपानी संशोधकांनी रिशिरी वाणाच्या बटाट्यातून असे एक द्रव्य, रिशिटिन, प्रत्यक्ष वेगळे केले. पण सामग्री हाताशी असून किल्ला राखला जात नाही. सरहद्दीच्या ठाण्यावरून सदरेवर वर्दी वेळेवर पोचावी लागते. १९८१ साली बोस्टॉक, कूच प्रभृतींनी दाखविले की, वनस्पतींत सहसा न आढळणारे पण करप्याच्या अंगी असणारे अ‍ॅराकिडोनिक आम्लच बटाट्याला शत्रूची चाहूल देते. ही वर्दी आत पुढे नेणाऱ्यांत अ‍ॅस्पिरिनशी नाते सांगणारे सॅलिसिलिक आम्ल प्रमुख ठरले. ते नष्ट करणारे जीवाणूचे जनुक घालून वाढविलेल्या झाडांना अ‍ॅराकिडोनिक आम्ल दिले, तरी एरवी सर्वांगी येणारी प्रतिकारशक्ती त्यांच्यात आली नाही, असे १९९७ साली आढळले. चमत्कारिक बाब ही की, बटाट्याच्या निरोगी पानांतही सॅलिसिलिक आम्ल मुबलक असते; अर्थात केवळ त्याच्या साठ्याने हुकूम सुटत नाही. पुढे जॅस्मोनिक आम्लही या कामी सहभागी असल्याचे दिसून आले.

या शोधमालिकेने पैदासकारांच्या एका जुन्या कोड्याचाही उलगडा केला. डेमिसमकडून घेतलेल्या जनुकांची वाणे काही वर्षे निर्धास्त राहून नंतर नव्या जातीच्या करप्यापुढे हतबल होत. आपल्याकडे १९६८ साली प्रसृत झालेल्या ‘कुफरी ज्योती’लाही कालांतराने हाच अनुभव आला. त्या जनुकांकडे विष बनविण्याचे काम नव्हतेच, त्यांच्याकडे होती ती शत्रूला ओळखण्याची कामगिरी. आणि शत्रूने रूप पालटताच, संरक्षणाचे सर्व साहित्य जागच्या जागी असूनही, त्वरा हरपली.